माइनक्राफ्ट विकी: क्रीपरचा ‘सी’ लहान का, हे लिहून ठेवणारी जागा

माइनक्राफ्ट विकीबद्दल, म्हणजे माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेमवर खेळाडूंनीच मिळून लिहिलेल्या ऑनलाइन ज्ञानकोशाबद्दल, कुणी लिहिलं की माहिती किती भरपूर आहे, कोणती वस्तू कशी बनवायची ते कसं पटकन सापडतं, एवढंच बहुतेक सांगतात. ते सगळं खरंच आहे. पण मी मुद्रितशोधक आहे. सोलापुरात बसून सेमी-इंग्लिशच्या शाळांसाठीची गणित-विज्ञानाची पुस्तकं तपासते. मला या विकीतली वेगळीच गोष्ट आवडते. तिथे एखाद्या शब्दावरून, स्पेलिंगवरून, कॅपिटल अक्षरावरून वाद होतो, तो मिटतो आणि एकदा मिटला की सहा महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. पगार घेऊन काम करणाऱ्या संपादकांनाही हे जमतंच असं नाही. इथे तर सगळे स्वयंसेवक आहेत, एकमेकांना न भेटलेले, निम्मे शाळा-कॉलेजातले. म्हणून हे परीक्षण विकीच्या माहितीचं नाही, त्यामागच्या या व्यवस्थेचं आहे.

थोडी पार्श्वभूमी. माइनक्राफ्ट पहिल्यांदा लोकांसमोर आला मे २००९ मध्ये आणि त्याच वर्षीच्या जुलैत हा विकी सुरू झाला. पुढे तो एका मोठ्या गेमिंग कंपनीच्या छत्राखाली गेला आणि डिसेंबर २०१८ मध्ये तो व्यवहार फॅन्डम या विकी चालवणाऱ्या कंपनीकडे आला. २४ सप्टेंबर २०२३ ला संपादकांनी सगळा मजकूर घेऊन वेगळं घर केलं. आताचा पत्ता ‘माइनक्राफ्ट डॉट विकी’, आणि सर्व्हर सांभाळते वियर्ड ग्लूप नावाची छोटी संस्था. जुन्या जागी जुनी प्रत अजून आहे आणि गूगलवर कधीकधी तीच आधी दिसते, तेव्हा पत्ता बघून घ्या. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असल्यामुळेच तो असा उचलून नेता आला. लिहिलेलं लिहिणाऱ्यांच्या हातात राहिलं, ही या विकीबद्दल मला आदर वाटण्याची पहिली गोष्ट.

आता मूळ मुद्दा.

नवा संपादक येतो आणि हमखास पहिलं काम काय करतो, तर वाक्याच्या मधोमध आलेल्या ‘क्रीपर’चं, म्हणजे खेळातल्या एका प्राण्याच्या नावाचं, पहिलं अक्षर कॅपिटल करतो. ते साहजिक आहे. खेळात वस्तूवर माउस नेला की जी पाटी उमटते तिच्यात प्रत्येक शब्द कॅपिटलने सुरू होतो. आयर्न इंगट, क्राफ्टिंग टेबल, सगळं तसंच. त्याला वाटतं, खेळातच असं आहे म्हणजे हेच बरोबर. विकीच्या शैली-मार्गदर्शिकेत यावर सरळ नियम आहे. पानाच्या शीर्षकात पाटीसारखंच लिहायचं, चालू मजकुरात मात्र वस्तू, ठोकळे, प्राणी ही सगळी सामान्यनामं, म्हणून लहान अक्षर. ‘नेदर’ आणि ‘एंड’ ही स्थळं, म्हणजे विशेषनामं, त्यांना कॅपिटल. पानातल्या उपशीर्षकांमध्ये फक्त पहिला शब्द कॅपिटल, बाकी वाक्यासारखं. खेळाचं नाव तिरक्या अक्षरात, ‘जावा एडिशन’ आणि ‘बेडरॉक एडिशन’ ही खेळाच्या दोन आवृत्त्यांची नावंही तिरक्या अक्षरात.

विज्ञानाच्या पुस्तकात रोज हाच प्रश्न माझ्यासमोर असतो. आकृतीखालच्या लेबलमध्ये ‘राइट एट्रिअम’ कॅपिटलने येतं आणि लेखक तेच कॅपिटल परिच्छेदातही ठेवून देतात. लेबल वेगळं आणि वाक्य वेगळं, हे मला प्रत्येक लेखकाला नव्याने पटवावं लागतं. माइनक्राफ्ट विकीवर ते कुणाला पटवावं लागत नाही. मार्गदर्शिकेचा दुवा दिला की झालं.

पण नियम लिहिला म्हणून अवघड जागा संपत नाहीत. ‘एंड’ कॅपिटल, मग तिथल्याच ‘एंडर ड्रॅगन’चं पहिलं अक्षर लहान का? हा प्रश्न अगदी रास्त आहे. एंडमध्ये गेलं की एकच ड्रॅगन भेटतो, त्याला मारून तिथल्या दारातून बाहेर पडलं की खेळाची श्रेयनामावली सुरू होते, म्हणजे ते त्या एकट्याचं नाव नाही का? मला पटणारं उत्तर असं की चार एंड क्रिस्टल ठेवले की ड्रॅगन पुन्हा अवतरतो. तेव्हा ते एका व्यक्तीचं नाव नाही, जातीचं नाव आहे. ‘एंडर पर्ल’ही त्याच न्यायाने लहान. कुणाला हे पटेल, कुणाला नाही. महत्त्वाचं हे की निर्णय एकदा झाला आणि सगळीकडे तोच दिसतो. ड्रॅगनच्या पानावर लहान आणि एंडच्या पानावर मोठा असं होत नाही. दहा वर्षांच्या वाचकाला नियम माहीत नसतो, पण दोन पानांवर दोन रूपं दिसली की ती दोन वेगळ्या वस्तूंची नावं आहेत का, अशी शंका त्याला येतेच. माझ्या पुस्तकांचा वाचकही त्याच वयाचा, म्हणून हे मी रोज बघते.

स्पेलिंगचं पाहा. चिलखताला ‘आर्मर’ म्हणताना शेवटी ‘यू’ लिहायचा की नाही? राखाडी रंगात ‘ए’ की ‘ई’? भारतातून, इंग्लंडमधून, ऑस्ट्रेलियातून येणारे संपादक ब्रिटिश स्पेलिंगच शिकलेले. अमेरिकन मुलांना ते चुकीचं वाटतं. चांगलं कुठलं यावर बोलत बसलं तर हा वाद कधीच संपणार नाही. विकीने तो प्रश्न घेतलाच नाही. खेळाची मूळ भाषा-फाइल, म्हणजे खेळात दिसणारे शब्द ज्यात असतात ती फाइल, अमेरिकन इंग्रजीत आहे, म्हणून विकी अमेरिकन इंग्रजीत. खेळ बनवणारी मोजांग स्वीडनची कंपनी असली तरी तिचा देश इथे विचारात येत नाही, फाइल काय म्हणते ते येतं.

आणि आता गंमत बघा. याच वियर्ड ग्लूपकडे रूनस्केप विकीही आहे. खरं तर संस्था उभी राहिली तीच रूनस्केपच्या संपादकांसाठी, ते ऑक्टोबर २०१८ मध्ये फॅन्डममधून बाहेर पडले तेव्हा. रूनस्केप २००१ चा खेळ, बनवणारी जॅगेक्स ही केंब्रिजची कंपनी. खेळातल्या एका कौशल्याचं नावच ‘डिफेन्स’, त्यात अमेरिकन ‘एस’ नाही, ब्रिटिश ‘सी’ आहे. म्हणून रूनस्केप विकी ब्रिटिश इंग्रजीत. एकाच संस्थेच्या सर्व्हरवर शेजारी-शेजारी दोन विकी, एकावर चिलखताला ‘यू’ आहे, दुसऱ्यावर नाही, आणि दोन्ही ठिकाणी वाद मिटवणारं तत्त्व तेच: आपल्या आवडीपेक्षा खेळाचा शब्द मोठा. संपादकांपैकी कोण जुना, कुणाचं इंग्रजी चांगलं, कोण जास्त हट्टी, यातलं काहीच विचारावं लागत नाही.

पूर्वी मी ज्या प्रकाशनात होते तिथे असे वाद टेबलावरच्या ज्येष्ठतेने मिटत. मोठे साहेब म्हणतील ते रूप. साहेब निवृत्त झाले की नवे साहेब, नवं रूप. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांमध्ये एकच संज्ञा दोन तऱ्हांनी छापलेली मी पाहिली आहे, आणि त्याचा त्रास परीक्षेला बसलेल्या मुलांनी काढला. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले. त्यांवर आजही कितीही टीका होवो, माझ्यासारखीला त्यांचा आधार वाटतो तो याचसाठी. लेखकाशी बोलताना ‘मला असं वाटतं’ न म्हणता ‘नियम असा आहे’ म्हणता येतं, आणि मग दोघांपैकी कुणाचाच पराभव होत नाही.

रूनस्केप विकीवर एक धोरण आहे, त्याचं नावच ‘सगळे संपादक समान’. प्रशासकाकडे पान कुलूपबंद करायची, खातं रोखायची साधनं असतात, पण शब्दाच्या वादात त्याच्या मताचं वजन कालच आलेल्या संपादकाइतकंच. हे लिहून ठेवायला धाडस लागतं. मोठ्या चर्चांची त्यांची जागा आहे ‘यू ग्रोव्ह’, म्हणजे यू नावाच्या झाडांची राई. खेळात ही झाडं तोडायला लाकूडतोडीची बरीच वरची पातळी लागते, तेव्हा खेळाडू तिथे कुऱ्हाड चालवत तासन्‌तास गप्पा मारत उभे असतात. आपल्या मराठी विकिपीडियावर अशाच पानाला ‘चावडी’ म्हणतात. राईत मतदान होत नाही. कोणता युक्तिवाद टिकला ते पाहून निर्णय लिहिला जातो.

सुपर मारिओ विकीची पद्धत याच्या उलट आहे. तिथे रीतसर प्रस्ताव मांडायचा, खाली ‘पाठिंबा’ आणि ‘विरोध’ असे रकाने, आणि प्रत्येकाने आपल्या नावापुढे कारण लिहायचं. त्यांचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. झालेला निर्णय उलटवणारा नवा प्रस्ताव चार आठवडे, म्हणजे २८ दिवस, आणता येत नाही. हरलेल्याला राग शांत करायला आणि जिंकलेल्याला निर्णय अमलात आणायला तेवढा वेळ मिळतो. माइनक्राफ्ट विकीची चर्चा राईसारखी सहमतीने चालते. मला विचाराल तर शब्दांच्या बाबतीत सहमतीच बरी, कारण दहा जणांनी हात वर केले म्हणून चुकीचं नाव बरोबर ठरत नाही. पण असा थांबण्याचा काळ मारिओवाल्यांकडून जरूर उचलावा.

खेळच नाव बदलतो तेव्हा काय, ही या व्यवस्थेची खरी परीक्षा. माझी भाची यूट्यूबवर एक जुना हिंदी व्हिडिओ बघत होती. त्यात नेदरमधल्या सोन्याची तलवार घेतलेल्या प्राण्याला ‘झॉम्बी पिगमन’ म्हणत होते. तिच्या खेळात तर त्या नावाचं काहीच नाही. “मावशी, हा डुप्लिकेट गेम आहे का?” तिने विचारलं. मी म्हटलं, विकीवर टाकून बघ. तिने जुनं नाव टाकलं आणि पान उघडलं ‘झॉम्बिफाइड पिगलिन’चं. खाली इतिहासाच्या भागात स्पष्ट लिहिलेलं: आवृत्ती १.१६ मध्ये नाव बदललं. ही आवृत्ती जून २०२० ची, व्हिडिओ त्याआधीचा. तिने स्वतः वाचलं, तिचं समाधान झालं आणि ती पुन्हा खेळायला गेली.

याच्यामागे तीन निर्णय आहेत आणि तिन्ही वादातून आलेले असणार. एक, पानाचं नाव नेहमी खेळातलं आजचं नाव. दोन, जुनं नाव पुसायचं नाही, त्याचं पुनर्निर्देशन ठेवायचं, म्हणजे जुनं टाकलं तरी नव्या पानावर पोचता येतं. तीन, इतिहासाच्या तक्त्यात कोणत्या आवृत्तीत काय बदललं ते नोंदवायचं, जावासाठी वेगळं, बेडरॉकसाठी वेगळं. जुन्या नावावर माया असलेल्या खेळाडूला त्याचं नाव इतिहासात सापडतं, नव्याला आजचं नाव वर सापडतं. दोघांनाही जागा मिळाल्यावर भांडायला फारसं उरत नाही. ‘ग्रास पाथ’ १.१७ मध्ये ‘डर्ट पाथ’ झाला, ‘स्क्यूट’ १.२०.५ मध्ये ‘टर्टल स्क्यूट’ झालं, तेव्हाही हेच.

‘ग्रास’चं प्रकरण तर सांगितलंच पाहिजे. वर्षानुवर्षं खेळात जमिनीच्या हिरव्या ठोकळ्याचं नाव ‘ग्रास ब्लॉक’ आणि त्यावर उगवलेल्या गवताच्या काड्यांचं नाव नुसतं ‘ग्रास’. खेळाडू बोलताना ठोकळ्यालाही ‘ग्रास’च म्हणायचे. वाक्यात हा शब्द आला की लिहिणाऱ्याला ठोकळा म्हणायचाय की काड्या, हे संदर्भावरून काढावं लागे. अशा वेळी स्वतःचं सोपं नाव पाडायचा मोह कुणाही संपादकाला होतो. डिसेंबर २०२३ मध्ये १.२०.३ आली आणि खेळानेच काड्यांना ‘शॉर्ट ग्रास’ करून टाकलं. संपादकांनी आधीच मनाने एखादं नाव ठेवलं असतं तर ते आता तिसरंच नाव होऊन बसलं असतं. सोय होत नसतानाही खेळाच्या शब्दाला धरून राहण्याचा फायदा मला इथे सगळ्यात नीट दिसला.

मात्र खेळ जिथे गप्प असतो तिथे काय करायचं? रेडस्टोनवाल्यांना, म्हणजे खेळातल्या विजेसारख्या रेडस्टोनवर यंत्रं चालवणाऱ्यांना, ‘क्वासाय-कनेक्टिव्हिटी’ माहीत असेल. जावा आवृत्तीत पिस्टनच्या वरच्या रिकाम्या जागेला वीज मिळाली तरी पिस्टन सरकतो. बेडरॉकमध्ये असं होत नाही. मोजांगने ही चूक मानली नाही, तशीच ठेवली. पण खेळात कुठेही या वागणुकीचं नाव उमटत नाही. हे नाव खेळाडूंचं. इथे भाषा-फाइल उपयोगाची नाही, तेव्हा विकी रूढ वापराकडे वळतो. मंडळी ज्या शब्दाने एकमेकांना समजतात तो घ्यायचा आणि पहिल्यांदा येईल तिथे त्याचा अर्थ सांगायचा. हाही नियमच आहे, फक्त दुसऱ्या पायरीचा. आधी खेळ, मग रूढी, आणि संपादकाची कल्पकता कधीच नाही. माझ्या कामात मी हा क्रम आता तसाच्या तसा वापरते.

जावा आणि बेडरॉकच्या बाबतीत मात्र थोडी ओढाताण जाणवते. फक्त एका आवृत्तीला लागू असलेल्या वाक्याच्या शेवटी चौकटी कंसात ‘फक्त जावा एडिशन’ अशी टीप येते. हे प्रामाणिक आहे, पण काही पानांवर एका परिच्छेदात इतक्या टिपा येतात की वाक्य वाचता वाचता धागा सुटतो. मोबाइलवर खेळणारा भारतीय वाचक जवळजवळ नेहमी बेडरॉकवाला. त्याला आपल्याला लागू काय ते गाळून घ्यावं लागतं. दोन्ही आवृत्त्यांचा फरक एका स्वतंत्र परिच्छेदात एकत्र द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी उणीव गंभीर आहे. बऱ्याच गोष्टी डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर बोलल्या जातात. तिथे उत्तर पटकन मिळतं हे खरं, पण वर्षभराने ‘हे असं का ठरलं’ हे शोधायला गेलं तर गप्पांच्या ढिगातून ते काढणं कठीण. चर्चापानावर चार टिल्डं (~~~~) टाकून केलेली सही, तारीख, कारण सगळं राहतं. वादाचा निकाल चर्चापानावर लिहिल्याशिवाय तो झालाच नाही, असं सगळ्याच खेळांच्या विकींनी मानावं. एका वेगळ्या खेळाच्या छोट्या विकीवर मी काही काळ काम केलं. तिथे सगळं गप्पांच्या खोलीतच ठरायचं. तिथले तिघे-चौघे जुने संपादक कामाधंद्याला लागले आणि त्यांच्याबरोबर सगळी कारणंही गेली. मागे राहिलेल्यांनी तेच वाद पुन्हा घातले, या वेळी उलटे निर्णय घेतले आणि निम्मी पानं एका पद्धतीची, निम्मी दुसऱ्या पद्धतीची होऊन बसली.

तिसरं, नव्याचं स्वागत. संपादन उलटवताना सारांशात नुसतं ‘शैली’ एवढं लिहिणं नियमाला धरून आहे, पण पंधरा वर्षांच्या मुलाला त्यातून काही कळत नाही. त्याला वाटतं आपल्याला हाकललं. मार्गदर्शिकेतला नेमका भाग दाखवणारा दुवा द्यायला अर्धं मिनिट लागतं. जे संपादक हे आवर्जून करतात त्यांच्याशी नवे लोक भांडत नाहीत, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

बाकी मार्गदर्शिका वाचायला सुंदर आहे. वाचकाला ‘तू’ न म्हणता ‘खेळाडू’ म्हणायचं आणि त्याला सर्वनाम द्यायचं ते स्त्री-पुरुष न ठरवणारं. अंदाज लिहायचे नाहीत. येऊ घातलेल्या आवृत्तीतल्या गोष्टींना तशी खूण करायची. ठोकळ्याच्या पानाचा क्रम ठरलेला: मिळवणं, वापर, आवाज, डेटा मूल्यं, इतिहास, मग त्रुटी आणि किरकोळ गमतीजमती. हा क्रम मला विशेष भावतो, कारण मुलाला आधी ‘कुठे मिळेल’ आणि मग ‘काय करू’ हेच हवं असतं. मराठीत हा विकी नाही. जर्मन, फ्रेंच, जपानी, कोरियन, पोर्तुगीज अशा भाषांत आहे. कधी मराठीत झालाच, तर पहिलं पान लिहिण्याआधी मार्गदर्शिका लिहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो डिस्कॉर्डसाठी.

कुणी यावं? ज्यांना खेळ येतो आणि इंग्रजी साधं-सरळ लिहिता येतं अशा कुणीही. इंग्रजीत एम.ए. असायची गरज नाही. मुद्रितशोधनाच्या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना तर मी आवर्जून सांगते की काही आठवडे इथे काम करा. शैलीपत्रक म्हणजे काय, ते कशासाठी असतं, हे वर्गात बसून कळत नाही ते इथे कळतं. सुरुवात मोठ्या पानापासून करू नका, ड्रॅगनच्या पानाला तर हातच लावू नका. एखादा साधा ठोकळा घ्या, त्याच्या इतिहासाच्या तक्त्यात एखादी आवृत्ती सुटलेली असेल ती भरा, सारांशात कारण लिहा आणि जतन करा. कुणी उलटवलं तर लगेच परत उलटवू नका. त्या पानाच्या चर्चेत जाऊन विचारा, सही करा आणि उत्तराची वाट बघा. रात्री टाकलेल्या प्रश्नाला सकाळपर्यंत उत्तर आलेलं असतं, कारण आपण झोपतो तेव्हा तिकडे कुणीतरी जागं असतं.